कूस बदलणारे सर

सरांसमोर ‘नवीन’ हा शब्द जपून वापरावा लागे. चर्चासत्रात एखादा विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, हा आम्हाला सापडलेला नवीन स्फटिक, की शेवटच्या रांगेत खुर्ची करकरायची. सर उठलेले असायचे. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध आणि पायांत रबरी चपला. ओळख नाही, प्रस्तावना नाही. "आधी खोका सांग," एवढंच ते म्हणायचे, आणि सांगणारा आपले कागद चाळू लागायचा.

खोका म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात वड्यांच्या ताटावरून समजावलं होतं. स्फटिक म्हणजे एकाच नक्षीचा खोका वर-खाली, पुढे-मागे रचत गेलेला. पण तो खोका कसा कापायचा, हे आपल्या मर्जीवर. कुणी ताटातल्या वड्या चौकोनी कापतो, कुणी शंकरपाळ्यासारख्या तिरक्या. वडी तीच. मात्र दोघांनी आपापल्या मापांचे आकडे छापले, की ते दोन वेगळे पदार्थ वाटतात. तिरका खोका सरळ करायचा, आडवा उभा करायचा, आणि मग बघायचं की हा खरंच नवीन आहे, की जुन्यानेच कूस बदलली आहे. सरांनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नावच त्यांनी ‘कूस’ ठेवलं होतं. परदेशातल्या लोकांना वाटे, ही कुठल्यातरी लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं असतील. सर कुणालाच खुलासा करत नसत.

विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘तिरुप्पु सार’ म्हणत. तिरुप्पु म्हणजे फिरव.

मी मूळची कराडची. नवऱ्याची बदली पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात झाली, म्हणून दोन हजार तीन साली चेन्नईत आले. संगणकाची पदवी होती, आणि सरांच्या संस्थेला ‘कूस’ला नवं रूप द्यायला माणूस हवं होतं. जुना प्रोग्राम काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून चालायचा. तोवर बाहेर असे प्रोग्राम निघाले होते, की पडद्यावर खिडकी उघडे आणि तिच्यातला स्फटिक माउसने धरून हवा तसा वळवता येई. आपल्याकडेही तसं काही असावं, असं विभागप्रमुखांना वाटत होतं. सरांना वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी इंग्रजी सोडली.

"तूं मराठी काय गे? कोण्या गांवची?"

"कराडची, सर."

"बैस. आम्ही तंजावरचे. आमच्या मराठीस हसशील तर काम देणार नाही."

हसू येतच होतं, मी ते दाबलं. ते ‘विचारलं’ऐवजी ‘पुसलें’ म्हणत, ‘कुठे’ऐवजी ‘कोठें’, आणि मधेच ‘सरी’, ‘पोदुम’ असे तमिळ शब्द टाकत. सूर तर पूर्ण तमिळ. मग त्यांनी मला विचारलं, "खिडकी कशास पाहिजे? आज्ञा लिहिली कीं काम होतें. उंदराच्या शेपटीस धरून स्फटिक फिरवणार काय?"

तरी त्यांनी मला प्रोग्रामची ओळ न् ओळ शिकवली. शिकवताना ते वेगळेच होत. जॉर्ज टाउनमधल्या मण्यांच्या घाऊक बाजारात ते मला घेऊन गेले होते. अणू म्हणून वापरायला त्यांना काचेचे मणी लागत. दुकानदाराला वाटलं, मुलीच्या लग्नासाठी घेताहेत. त्याने लाल मण्यांची माळ माझ्या गळ्याशी धरून दाखवली. सर गंभीरपणे म्हणाले, "तिला नको. हा प्राणवायू आहे." मग काजळी रंगाचे मणी हातात घेऊन, डोळे बारीक करून, एकसारख्या आकाराचे निवडत ते इतका वेळ बसले, की दुकानदाराने पंखा त्यांच्याकडे वळवला.

पण लोकांना हे सर ठाऊक नव्हते. लोकांना शेवटच्या रांगेतले ठाऊक होते. माझ्यादेखत घडलेली एक गोष्ट सांगते. एका सहकाऱ्याच्या विद्यार्थिनीने आपलं काम मांडलं. तिचा प्रबंध त्याच एका संयुगावर उभा होता. चहाच्या सुट्टीत सर खोलीत गेले, तिचे आकडे ‘कूस’मध्ये घातले, आणि कागद घेऊन परत आले. तिचा स्फटिक कुणीतरी फार पूर्वी छापलेला होता. फक्त खोका वेगळा कापला होता. सरांनी तो कागद सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "मुली, शेजाऱ्याचं घर मागच्या दारानं पाहिलं, म्हणून ते आपलं होत नाही." सगळे हसले. ती मुलगी कागद घडी करत राहिली.

"सर, बाजूला बोलावून सांगता आलं असतं," मी नंतर म्हटलं.

"सांगितलें असतें. तरी स्फटिक तोच राहिला असता," ते म्हणाले.

सरांच्या पत्नीला सगळे मामी म्हणत. वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी मी अधूनमधून जाई. मामी मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच सांगत, "ह्यांची जीभ म्हणजे विळी गे. आकडा खरा असला म्हणून मनुष्याला चिरावें काय?" बाहेर सर मण्यांचा सांगाडा फिरवत बसलेले असत. त्यांना ऐकू गेलं, तरी ते ऐकत नसत.

माझ्या खिडकीचं काम पुरं होत आलं, तेव्हा मी चाचणीसाठी साखर घेतली. रोजच्या चहातली साखर. तिच्या रेणूला हात असतो, म्हणजे उजवा किंवा डावा. हातमोज्यांसारखं हे असतं. उजवा कितीही फिरवा, डाव्या हातात नीट बसत नाही. औषधांत तर फारच जपावं लागतं. एका हाताचा रेणू गुण देतो, दुसऱ्या हाताचा कधी कधी काहीच करत नाही.

मी साखरेचा खोका ‘कूस’मधून वळवला, आणि पडद्यावर उलटी साखर आली. आरशातली.

"तुझें चित्र चुकलें," सर म्हणाले.

मी चित्राची प्रत्येक ओळ तपासली. चित्र चुकलं नव्हतं. सर चिडले. कराडला हेंच शिकवतात काय, असंही म्हणाले. मग त्यांनी मणी काढले, कागदावर गणित मांडलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. टेबलावर मण्यांच्या दोन साखरा शेजारी शेजारी उभ्या होत्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

"तुझें चित्र बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा प्रोग्राम खोटें बोलतो."

चूक अशी होती. खोक्याच्या दोन बाजूंची अदलाबदल केली, की एका बाजूची दिशा उलटी करावी लागते. नाहीतर उजवा हात डावा होऊन बसतो. नेहमीच्या वाटेने गेलं, तर ‘कूस’ हे आपोआप करत असे. पण सरांनी एक जवळची वाट ठेवली होती. एक अक्षर टाईप केलं, की दोन बाजू बदलत. त्या वाटेवर ही उलट करायची ओळच नव्हती. कधीच नव्हती. बहुतेक स्फटिकांत उजवे आणि डावे रेणू सारख्याच संख्येने असतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नसे. म्हणूनच इतकी वर्षं ती चूक कुणाच्या नजरेस आली नाही.

ओळ घालायला मला पाच मिनिटं लागली असती. सर म्हणाले, "थांब. आधीं लोकांस सांगायचें."

विभागप्रमुख म्हणाले, "सार, गुपचूप दुरुस्त करा. संस्थेचं नाव आहे. कुणी मेलं का त्यानं?" सरांनी ऐकलं नाही. ज्यांना ज्यांना प्रोग्राम दिला होता, त्या सगळ्यांना त्यांनी कळवलं, की माझ्या प्रोग्राममध्ये अशी चूक आहे, तुमचं छापलेलं काम पुन्हा तपासा. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. एकाने लिहिलं, आभारी आहे, पण आम्ही हा प्रोग्राम केव्हाच सोडला. एका तरुणाने विचारलं, कोणता प्रोग्राम?

ते पत्र सरांनी मला वाचायला दिलं. मी वाचून परत दिलं.

मग त्यांनी स्वतःचं काम काढलं. छापलेल्या प्रत्येक रचनेतून ते मागे गेले. त्यांच्या सुदैवाने बहुतेक ठिकाणी हाताचा प्रश्नच नव्हता. एका ठिकाणी मात्र होता.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका विद्यापीठात रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी एका झाडाच्या सालीतला रेणू प्रयोगशाळेत बनवत होती. सुरुवात तिने उजव्या हाताच्या द्रव्यापासून केली होती, म्हणून शेवटी रेणू उजवाच मिळायला हवा, हे तिला रसायनावरून ठाऊक होतं. पुरावा म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी स्फटिक सरांकडे पाठवले. सरांनी क्ष-किरणांनी रचना काढली, खोका त्या जवळच्या वाटेने आपल्या आवडीप्रमाणे वळवला, आणि उत्तर दिलं, की रेणू डावा आहे. म्हणजे या मुलीने सुरुवातीलाच चुकीची बाटली उचलली. सरांच्या शब्दावर शंका कोण घेणार? तिचं सगळं काम रद्द ठरलं. सरांचा निष्कर्ष छापून आला. तिला पदवी मिळाली नाही.

तिचा पत्ता काढायला सरांना फार खटपट करावी लागली. मार्गदर्शक वारले होते. शेवटी कळलं, की ती गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायचं काम करते.

"तूं येशील काय?" सरांनी विचारलं. एखादी गोष्ट करशील का, असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. नेहमी सांगितलं होतं.

आम्ही सेंट्रलहून लोकल पकडली. सर वाटेत मला खाडीतले पक्षी, एन्नोरच्या वीजकेंद्राची धुराडी, काहीच दाखवत नव्हते. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते.

कारखान्यात आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथेही थिनरचा उग्र वास येत होता. ती आली. चाळिशीच्या आसपासची, निळा ॲप्रन घातलेली, केसांत मोगऱ्याचा लहानसा गजरा. सरांना बघताच ती दारात थांबली. मग म्हणाली, "बसा, सार."

सर उभेच राहिले. त्यांनी तमिळमध्ये सरळ सांगितलं, "तू बरोबर होतीस. तुझा रेणू उजवाच होता. माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती, त्यानं तो डावा केला."

तिने ॲप्रनला हात पुसले. मग तिने विचारलं, "म्हणजे मी चुकीची बाटली उचलली नव्हती?"

"नाही."

"नक्की, सार?"

"नक्की."

ती खुर्चीवर बसली. "पण मला आठवतं," ती म्हणाली. "आधी मी गाइडना सांगितलं, मी चुकले नाही. मग तुमचा निकाल आला. सगळे म्हणाले, नीट आठव. मी आठवत राहिले, आणि हळूहळू मला दिसायला लागलं. मी कपाट उघडते, चुकीची बाटली उचलते. निळं झाकण होतं तिला. अजूनही दिसतं. तसं झालंच नव्हतं का?"

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"इथे मी प्रत्येक डब्यावरचं नाव दोनदा वाचते," ती सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. "हाताखालच्या मुली हसतात. घरी गॅस बंद केला की परत जाऊन बघते. नवरा म्हणतो, तुझा तुझ्यावरच विश्वास नाही. मी त्याला सांगते, नाहीच आहे. एकदा मी फार मोठी चूक केली होती."

"मी विद्यापीठाला लिहितो," सर म्हणाले. "तुझी पदवी..."

"तुम्हाला आठवतं, सार, निकालानंतर तुम्ही आमच्या विभागात आला होतात? सगळ्यांसमोर मला म्हणालात, उजवा हात वर कर बघू. मी केला. तुम्ही म्हणालात, चला, एवढं तरी येतं. सगळे हसले. मीसुद्धा हसले."

"मी असं म्हणालो?"

"तुम्हाला आठवत नाही."

ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती, तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आत घंटा वाजली, तशी ती उठली. आमच्यासाठी कॉफी सांगितली होती, ती पिऊन जा म्हणाली. दारात वळून तिने सरांना सांगितलं, "चूक माझी आहे, असं धरून मी गप्प बसायला शिकले होते, सार. आता मी काय करू? तुम्ही आला नसतात तर चाललं असतं."

परतल्यावर सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं.

विद्यापीठाने कळवलं, की संबंधित विद्यार्थिनीची नोंदणी केव्हाच रद्द झाली आहे, मार्गदर्शक हयात नाहीत, आणि अशा प्रकरणी काही करण्याची तरतूद नाही. सर तिथे स्वतः गेले, दोनदा गेले. ज्या टेबलावर पाठवलं त्या टेबलासमोर उभे राहिले. ज्या नियतकालिकात रचना छापली होती, त्याने दुरुस्ती छापली. चार ओळींची. आकडे सुधारले होते. तिचं नाव त्यात नव्हतं, कारण मूळ लेखातही ते नव्हतं. सरांनी नाव घालण्याची विनंती केली, तेव्हा संपादकांनी सभ्यपणे लिहिलं, की लेखक नसलेल्या व्यक्तीचा उल्लेख दुरुस्तीत करता येत नाही.

मग एक दिवस सरांनी मला ‘कूस’ संस्थेच्या संगणकावरून काढून टाकायला सांगितलं.

"सर, ती ओळ घातली आहे मी. आता तो बरोबर चालतो."

"पोदुम," ते म्हणाले. पुरे.

मी काढला. पण तो तसा जाणार कुठे? वर्षानुवर्षं लोकांनी त्याचे तुकडे आपापल्या प्रोग्राममध्ये घेतले होते. कुणी कुठला घेतला, ती जवळची वाट कुठे कुठे शिल्लक आहे, हे कळायला मार्ग नव्हता. सरांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. विभागप्रमुखांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. माझं कंत्राट तिथेच संपलं, पण पुढच्या खोलीत दुसरं काम मिळालं, म्हणून मी संस्थेत राहिले.

सर निवृत्त होण्याआधीच्या एका चर्चासत्रात कुणीतरी म्हणालं, "हा नवीन स्फटिक." सवयीने सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सर बसून होते. वक्ता क्षणभर थांबला, मग पुढे बोलू लागला. त्याचा खोका तिरका कापलेला होता, हे मलासुद्धा दिसत होतं.

नवऱ्याची पुण्याला बदली झाली, तेव्हा मी निरोप घ्यायला मांबलमला गेले. सर आतल्या खोलीत झोपाळ्यावर बसले होते. मला बघून त्यांनी मान हलवली. मामी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांनी सांगितलं, की छापलेली दुरुस्ती दाखवायला सर एकटेच पुन्हा गुम्मिडिपूंडीला गेले होते. पहारेकऱ्याने आत जाऊन येऊन सांगितलं, मॅडम कामात आहेत. सर फाटकाबाहेर थांबले. पाळी सुटली. ती बाकीच्या बायकांबरोबर बाहेर आली, सरांना पाहिलं, आणि कंपनीच्या गाडीत चढून गेली.

"जेवतात, निजतात, देवळास जातात," मामी म्हणाल्या. "बोलत नाहीत. जन्मभर म्हटलें, अहो, जीभ आवरा. आतां देवास म्हणतें, मजवर तरी ओरडूं दे त्यांना." पदर तोंडाला लावून त्या डब्यातून माझ्यासाठी वाटेचा खाऊ काढू लागल्या. किती काढताहेत, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी निघाले, तेव्हा सर चपला घालून फाटकापर्यंत आले. रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती. ती पुढे जाईपर्यंत ते थांबले.

"पुण्यास मोठ्या प्रयोगशाळा आहेत, न्हवे?"

"आहेत, सर."

"तेथें कोणी त्या रेणूबद्दल पुसलें, तर सांग. ती बरोबर होती."

"सांगेन."

"आपण होऊन सांगूं नको. तिला तें आवडणार नाही. कोणी पुसलें तरच."

मी हो म्हटलं. पुण्याला येऊन आता बरीच वर्षं झाली. कुणी विचारलेलं नाही.